शेण न देणारा बैल : इंदूरच्या शेतकी संस्थेच्या इतिहासातील एक गाळलेले पान

संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे कोनशिला, अनुदान, संचालकांची नामावली आणि थोर पाहुण्यांच्या भेटी या चार खांबांवर मांडव उभारावयाचा, हा आपल्याकडील स्मरणिकांचा जुना शिरस्ता आहे. आणि इंदूर शहराच्या पिपल्याहाना भागात जिच्या कुंपणाला आता वसाहती येऊन टेकल्या आहेत, त्या आपल्या शेतकी संस्थेविषयी लिहिताना हा शिरस्ता मोडण्याचे मला काही कारण नव्हते, कारण चारही खांब येथे चांगले भक्कम आहेत. परंतु हे टिपण जुळवीत असताना माझ्या घराच्या मागील अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, पाच अश्वशक्तीचे एक जुने डीझेल इंजिन उघडून ठेवलेले होते. दिवसा कागद आणि संध्याकाळी घासलेट, अशा दुहेरी उद्योगात काही महिने गेल्यावर ध्यानात आले, की संस्था आणि इंजिन यांचा संबंध फार जवळचा आहे, पण तो भावकीतल्या वैरासारखा आहे. तो माझ्या वाचनातल्या एकाही वृत्तांतात आलेला नाही. म्हणून मांडव नेहमीचाच घालतो. फक्त त्यात एका न बोलावलेल्या पाहुण्याला पाट मांडण्याची परवानगी वाचकांकडे मागतो.

संस्थेचा जन्म १९२४ चा. त्यावेळी इंदूर संस्थानावर तुकोजीराव होळकर तिसरे यांचा अंमल होता, आणि दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत निघालेल्या सरकारी कापडगिरणीपासून तो १९०९ च्या माळवा मिलपर्यंत इंदूरची भरभराट कापसाच्या पेळूला बांधलेली होती. १९२१ साली स्थापन झालेली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती काळ्या जमिनीच्या मुलुखात संशोधनासाठी जागा शोधीत होती; होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, समितीने पैका दिला, मध्य हिंदुस्थान आणि राजपुतान्यातील संस्थानिकांनी वर्गणी भरली, आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ या नावाने संस्था उभी राहिली. संस्थानिकांच्या खजिन्यातून त्या काळी कोणकोणत्या बाबींवर रुपये वाहिले याची कैफियत फारशी अभिमानास्पद नाही. तेव्हा शेजारपाजारच्या दरबारांनी एका शेतकी संस्थेसाठी हिस्सा उचलावा, ही गोष्ट सहज ओलांडून जाण्यासारखी नव्हे.

पहिले संचालक आल्बर्ट हॉवर्ड. १९०५ पासून ते बिहारातील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून होते; त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः केंब्रिजच्या वनस्पतिशरीरशास्त्राच्या अभ्यासक, आणि १९१३ पासून त्याच खात्यात अधिकारी. पुसाच्या गव्हाच्या वाणांनी या दांपत्याचे नाव देशभर झाले होते. परंतु वाण सुधारला तरी जमीन सुधारल्यावाचून पीक सुधारत नाही, आणि वनस्पतिशास्त्र, रसायन, कीटकशास्त्र अशा निरनिराळ्या कोठड्यांत बसलेल्या पंडितांना जमीन, पीक, जनावर आणि शेतकरी ही एकच वस्तू आहे हे दिसत नाही, असे त्यांचे ठाम मत झाले होते. असे मत असणाऱ्या मनुष्याला सरकारी खात्यात सुख लाभत नाही. इंदुरास त्यांना हवे तसे, कोठड्यांवाचूनचे, घर बांधावयास मिळाले; पुढे आयुष्यभर ते बिहारच्या शेतकऱ्यांना आणि पिकावरील किडींना आपले गुरू म्हणत राहिले. १९३० साली गॅब्रिएल हॉवर्ड निवर्तल्या, १९३१ मध्ये आल्बर्ट हॉवर्ड मायदेशी परतले. म्हणजे या संस्थेच्या ज्या कामाचा पुढे जगभर बोलबाला झाला, ते अवघ्या सात वर्षांचे.

ते काम शेणाचे. गोठ्याला लागून खतखान्याची जागा आखली होती. तेथे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल असे ३३ उतरत्या कडांचे खड्डे होते, आणि खतगाडीला सुखाने जाता यावे इतकी वाट मध्ये सोडलेली होती. पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, उसाचे पाचट असा जो कचरा शेतकरी जाळतो किंवा उकिरड्यावर फेकतो, तो गोठ्यात बैलांच्या पायाखाली अंथरावयाचा, दुसऱ्या दिवशी तो शेणासह, गोमूत्राने भिजलेल्या गोठ्यातील मातीसह आणि लाकडाच्या राखेसह खड्ड्यात थरांनी घालावयाचा, पाणी शिंपडावयाचे, आणि ठराविक मुदतीने तीनदा उलथावयाचा. तीन महिन्यांनी काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत हाती येते. पाणी द्यावयास उंच भिंतींवर टाकी बांधलेली होती आणि तिच्यातून नळीने पाणी खेळत असे. या साऱ्या कारभारात रसायनाची बाजू सांभाळली यशवंतराव वाड यांनी. १९३१ साली शेतीतील टाकाऊ द्रव्यांपासून खत करण्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे आहेत. हॉवर्डनंतर संस्थेतील जॅक्सन यांच्याबरोबर याच वाडांनी १९३४ मध्ये वस्तीतील मैला व केरकचरा इंदूर पद्धतीने मार्गी लावण्यावर दुसरे पुस्तक लिहिले. ‘इंदूर पद्धत’ हे नाव केनियाच्या कॉफीच्या मळ्यांपासून इंग्लंड-अमेरिकेच्या शेतकऱ्यांपर्यंत गेले. या नावामागे एक मराठी रसायनतज्ज्ञ होता हे मात्र इंदूरच्या मराठी मंडळींनाही आवर्जून सांगावे लागते, आणि त्याबद्दल लाज परकीयांना नव्हे, आपल्याला वाटावयास हवी.

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने महात्मा गांधी इंदुरास आले असता त्यांनी मुद्दाम सवड काढून हे खड्डे पाहिले. स्मरणिकेच्या चौथ्या खांबाची भरती येथे पुरी झाली.

आता पाहुण्याकडे, म्हणजे इंजिनाकडे, वळतो; पण त्याआधी बैलाकडे. वरच्या साऱ्या हिशेबात सर्व जमाखर्च ज्याच्या नावावर आहे तो बैल. तो नांगर ओढतो, गाडी ओढतो, शेण देतो, मूत देतो, कचरा तुडवून मऊ करतो. आणि त्यापलीकडे तो विहिरीवर पाणी ओढतो. ज्यांनी मोट पाहिली नाही अशी पिढी आता आजोबा होऊ लागली आहे, म्हणून दोन वाक्ये तिच्यासाठी खर्ची घालतो. माळव्यात मोटेला चडस म्हणतात. विहिरीच्या काठी उतरती धाव, धावेवरून खाली जाणारी बैलजोडी, तिच्या जुवाला बांधलेला जाड नाडा आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर. जोडी उताराच्या टोकाशी पोचते त्याच क्षणी चामड्याची मोट थारोळ्याशी येते, सोंड सैल पडून पाणी भळभळा ओतले जाते, आणि बैल पाठमोऱ्या चालीने पुन्हा वर चढतात. एका सकाळी ही येरझार शेकडो वेळा घडे. अफू, ऊस, भाजीपाला असे बागायती पीक माळव्यात जे काही होई ते या येरझारीवर होई.

ही येरझार इंजिनाने थांबविली. तेलावर चालणारी स्थिर इंजिने, म्हणजे गाडी न ओढता एका जागी उभी राहून पट्ट्याने दुसरे यंत्र फिरविणारी, इंग्लंडात १८९२ पासून सर्रास विकली जाऊ लागली. ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांच्या शोधावरून काढलेल्या इंजिनाच्या डोक्यावर लोखंडी कंद असे, आणि दिव्याच्या ज्योतीने तो कंद तापविल्याखेरीज इंजिन हूं की चूं करीत नसे. १९२९-३० च्या सुमारास डर्स्लीच्या लिस्टर कंपनीने दिव्यावाचून, थंड अवस्थेत सुरू होणारे इंजिन बाजारात आणले. एक उभे नळकांडे, दोन्ही बाजूंस दोन भलीथोरली चाके, पाच अश्वशक्ती, मिनिटाला ६०० फेरे, वजन तीन क्विंटलांहून अधिक. आगगाडी आणि तार यांच्या खालोखाल हिंदुस्थानच्या खेड्याला विलायतेने दिलेली सर्वांत परिणामकारक वस्तू जर कोणती असेल तर ती ही, असे म्हणावयास मी तयार आहे. कंपनीने ते १९८७ पर्यंत बनविले, आणि राजकोटच्या ओतशाळांनी त्याच घाटाची इंजिने त्यानंतरही ओतली.

मराठी मुलुखानेही या कामी हात आखडता घेतला नाही. लोखंडाने जमीन नासते अशी भीती बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना लोखंडी नांगर विकून दाखविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना वसविला. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून इंजिने बाहेर पडू लागली. आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. खडकीच्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाची चाल मिनिटाला १५०० फेऱ्यांची. लिस्टरच्या मानाने ते हलके, चपळ आणि काहीसे उतावळे. आमच्या देवास तालुक्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला दोहोंतला भेद सांगितला तो असा, की लिस्टर म्हणजे घरचा थोरला भाऊ आणि किर्लोस्कर म्हणजे जावई. काम दोघेही करतात, पण दुसऱ्याचा आवाज अधिक.

आवाजावरून आठवले. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडावर रिकामा डबा उपडा घालण्याची खेड्यांतून चाल होती, त्यामुळे ‘पुक् पुक्’ असा जो नाद निघे तो दोन कोसांवर ऐकू जाई. पिठाची गिरणी चालू असल्याची ती दवंडी असे, आणि मळ्यातल्या मालकाला घरी बाजेवर पडल्या पडल्या इंजिन चालले आहे की बंद पडले आहे, ओझे पडले आहे की पंपाने पाणी सोडले आहे, हे त्या नादावरून कळे. इंजिनाभोवती खेळून गरम झालेले पाणी एका बारीक नळीने पाटात पडे. थंडीच्या दिवसांत पहाटे त्या नळीखाली बसून आंघोळ करणारी मुले, आणि त्याच पाण्यात कपडे धुऊन घेणाऱ्या बाया, हे दृश्य ज्याने पाहिले असेल त्याला ‘यंत्रयुग’ हा शब्द उच्चारताना कारखान्याचे धुराडे आठवणार नाही.

परंतु हॉवर्ड यांचा या पाहुण्यावर रोष होता. १९४० साली त्यांचा जो शेतीविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी घोडा आणि बैल यांच्या जागी तेलाचे इंजिन व विजेची मोटर येत असल्याची तक्रार नोंदविली आहे. त्यांचा आक्षेप यंत्राच्या कार्यक्षमतेवर नव्हता. तो असा, की ही यंत्रे शेण आणि मूत देत नाहीत, आणि म्हणून जमिनीच्या कसात ती काडीचीही भर घालीत नाहीत. हे वाक्य मी वाचले तेव्हा अंगणातल्या इंजिनाकडे पाहून मला खरोखर ओशाळल्यासारखे झाले. कारण हिशेब निर्विवाद आहे: विहिरीवरून बैल उठला की गोठ्यातली एक जोडी घटते, जोडी घटली की शेण घटते, आणि शेण घटले की त्या ३३ खड्ड्यांना घालावयास काय उरते? संस्थेने ज्या पायावर आपली कीर्ती उभी केली, तोच पाया इंजिनाने शेतकऱ्याच्या घरोघर पोखरला. मागाहून पोत्यांतून आलेल्या रासायनिक खताने जी जागा व्यापली ती रिकामी करून ठेवण्याचे काम या ‘पुक् पुक्’ करणाऱ्या पाहुण्याने आधीच चोख बजावले होते.

तरीही शेतकऱ्याने इंजिन घेतले, आणि ते मूर्खपणाने घेतले असे म्हणण्याचा अधिकार शहरात नळाचे पाणी पिणाऱ्या आपल्याला नाही. बैलाला बारा महिने वैरण घालावी लागते, इंजिन चालेल तेवढेच खाते; बैल दुपारी थकतो, इंजिनाला रात्रीचे पाणी धरता येते; उन्हाळ्यात विहीर खोल गेली म्हणजे नाडा लांबवावा लागतो, धाव लांबवावी लागते, आणि जोडीच्या पायाच्या पेऱ्यांवर सूज येते. ज्याने धावेवर पाठमोरे चढणाऱ्या बैलांचे डोळे जवळून पाहिले आहेत तो इंजिनाला दोष देताना अडखळेल. माझे मत विचाराल तर वादात हॉवर्ड जिंकतात आणि व्यवहारात इंजिन जिंकते. आणि दोघांनाही एका छताखाली उभे केल्याखेरीज माळव्याच्या शेतीचा गेल्या शंभर वर्षांचा खटला कोणाला नीट समजावयाचा नाही.

पुढचा इतिहास आटोपशीर आहे. संस्थाने विलीन होऊन १९४८ मध्ये मध्यभारत झाला, १९५६ मध्ये मध्यप्रदेश. १९५९ साली या जागी शेतकी महाविद्यालय सुरू झाले, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या कृषि विश्वविद्यालयाच्या कक्षेत ते गेले, आणि २००८ पासून ग्वाल्हेरच्या विश्वविद्यालयाकडे आहे. कापसासाठी जन्मलेल्या संस्थेच्या शहरात १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आले, ही त्या भूमीच्या मनाची पालट. याच काळात विजेच्या तारा मळ्यांत पोचल्या, विहिरींच्या जागी कूपनलिका आल्या. पाणी इतके खाली गेले की विहिरीच्या काठावर बसून ओढणाऱ्या इंजिनाचा हात तिथवर पोचेना. ज्याने बैलाला उठविले त्याला बुडित पंपाने उठविले. चाक बीडाचे, बीडाला भंगारात भाव. तेव्हा थोरला भाऊ आणि जावई दोघेही लोहामंडीच्या तोलकाट्यावर चढले.

माझ्याकडील इंजिन असेच तोलकाट्याच्या वाटेवर असताना मिळाले. क्षिप्रेच्या अलीकडल्या एका गावी पडक्या विहिरीशी ते बाभळीच्या सावलीत उभे होते. चाकाच्या आऱ्यांतून वेल चढला होता, टाकीत पाखराने घरटे केले होते, आणि मालक ते किलोच्या भावाने द्यावयास निघाला होता. भंगारवाल्यापेक्षा मी किलोमागे चार रुपये चढ दिले. त्यावर त्याने विचारले, की हे घरी नेऊन साहेब करणार काय. मी म्हणालो, चालू करणार. विहिरीत पाणी नाही, पंप नाही, पट्टा नाही. मग चालू करून काय करणार? या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, आणि ज्यांना हा छंद आहे त्यांपैकी कोणालाही ते धडपणे देता येत असेल असे वाटत नाही.

दट्ट्या नळकांड्यात गंजाने धरला होता. अशा वेळी घणाचा उपयोग करणे हा अडाणीपणा. घासलेट आणि जुने तेल समभाग मिसळून वरून ओतावे, फडक्याने तोंड झाकावे आणि धीर धरावा. एकोणीस दिवस मी रोज सकाळी चहाच्या आधी चाकाला हात लावून पाहिला. विसाव्या दिवशी, सागवानी ठोकळा दट्ट्यावर ठेवून लाकडी मोगरीचे चार बेताचे ठोके दिल्यावर, चाक दाभणाच्या टोकाएवढे हलले; मी हातातली मोगरी खाली ठेवून घरात जाऊन आधी चहा घेतला. मग व्हॉल्व्ह घासणे, नोजल साफ करणे, रिंगा नव्या घालणे, तेलाच्या पितळी कुप्या चिंचेच्या कोळाने उजळणे, हे सर्व सावकाश झाले. मध्यंतरी एका वर्कशॉपात नळकांड्याचा एक कान तुटून आला; ज्याने तोडला त्याने तो आधीच तुटलेला होता असे शपथेवर सांगितले, आणि मीही वाद घातला नाही, कारण बीडाला सांधणारा मनुष्य आता शोधून सापडत नाही आणि भांडण त्याच्याशी परवडत नाही. निकेलच्या कांडीने, कोळशाच्या शेगडीवर ओतकाम आधी तापवून आणि मग राखेत पुरून हळूहळू निववून, तो कान बसविला तो एका वृद्ध मिस्त्रींनी. त्यांचे घराणे गिरणीकामासाठी खानदेशातून इंदुरास आलेले.

पाटी नव्हती. दोन चाके, तो घाट, ते वजन पाहून मी हे अस्सल डर्स्लीचे म्हणून मनोमन मिरवीत होतो. रंगाचे थर खरवडताना वर निळा, त्याखाली तांबडा, त्याखाली हिरवा असे लागत गेले, आणि अखेरीस धडावर ओतलेली अक्षरे उघडी पडली : राजकोट. माझा चेहरा उतरला असावा. मिस्त्रींनी अक्षरांवरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, “अहो साहेब, विहिरीला विलायत कुठे ठाऊक असते? तिला ओढ ठाऊक.” मला त्या क्षणी जी शरम वाटली ती या लेखात नमूद करून ठेवतो, कारण विलायती पाटीला देव्हाऱ्यात बसविणे आणि आपल्या ओतशाळेला उकिरड्यावर टाकणे या खोडीमुळेच आपली निम्मी यंत्रे नामशेष झाली आहेत.

इंजिन सुरू करण्याचा विधी असा. दट्ट्यावरचा दाब सोडणारी खिटी उचलावी, हँडल दांड्यावर बसवावे, अंगठा मुठीच्या वर, इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा. तो खाली वेढला आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जाते. मग चाकाला गती द्यावी, प्रथम संथ, मग चढती, आणि चाके आपल्याच जडपणाने पळू लागली की खिटी टाकावी. पहिल्या दिवशी नुसते पांढरे धुके निघाले. दुसऱ्या दिवशी सातव्या खेपेस एक स्फोट झाला, मग अंतराने दुसरा, मग ते चालू लागले. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे चार फटक्यांच्या इंजिनात सेकंदाला पाच स्फोट. कान सरावला की ते पाच वेगवेगळे ऐकू येतात. शेजारच्या इमारतीतून एक वयस्क बाई गच्चीवर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले, तक्रार येणार. त्यांनी एवढेच विचारले, की चक्की लावली का हो?

हा छंद माझ्या एकट्याच्या डोक्याचा विकार नव्हे, हे सांगण्यासाठी थोडे परदेशी जातो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात किन्झर्स येथे १९४८ पासून जुन्या शेतयंत्रांच्या चाहत्यांची मंडळी एकत्र येते. त्याच राज्यात कूलस्प्रिंग येथे १९८५ मध्ये निव्वळ अशा इंजिनांचे संग्रहालय निघाले. १९६६ पासून अमेरिकेत या एका विषयाला वाहिलेले नियतकालिक आहे. इंग्लंडात डॉर्सेटची वाफेच्या यंत्रांची जत्रा १९६९ मध्ये प्रथम भरली, आणि चेशरमध्ये पॉयन्टन येथे एका जुन्या कोळसाखाणीच्या जागेवर इंजिनांचे संग्रहालय आहे. शेतकरी, लोहार, पेन्शनर अशी माणसे आपापली इंजिने गाडीवर घालून आणतात, गवतावर ओळीने मांडतात, आणि दिवसभर ती कशासाठीही नव्हे, नुसतीच चालवितात. त्यांच्यात एक वाद कायमचा चालू असतो : रंग नवा द्यावा की जुना ठेवावा. मी जुन्याच्या बाजूचा. माझ्या इंजिनाच्या हँडलची मूठ हाताच्या घामाने आणि वळणाने जिथे झिजली आहे तिथे मी कानसही लावलेली नाही. ती झीज म्हणजे त्या विहिरीच्या मालकाची सही आहे.

आपल्याकडे अशी दृष्टी अगदीच नाही असेही नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे जमवून घरगुती वस्तूंना संग्रहालयाची प्रतिष्ठा दिली. आमच्या महूजवळ पाताळपाणी ते कालाकुंड हा मीटर गेजचा घाट १९०० च्या आधीचा. त्यावर २०१८ पासून हौशी प्रवाशांसाठी गाडी सोडतात, आणि ती पावसाळ्यात भरून जाते. आगगाडीला जो मान मिळतो तो विहिरीवरल्या इंजिनाला मिळत नाही, एवढीच तक्रार. त्याने राजा वाहिला नाही, फौज वाहिली नाही, पाणी वाहिले.

तेव्हा माझी तजवीज अशी आहे. संस्थेच्या आवारात, हॉवर्ड-वाडांच्या खड्ड्यांची आखणी मोकळ्या जागेत पुन्हा करता येईल : ३० फूट, १४ फूट, २ फूट, आणि भोवती गाडीवाट. त्याच्याच शेजारी एक साधी पत्र्याची पडवी, तिच्यात माळव्यातून मिळतील तेवढी पाच-सात इंजिने, लिस्टर, किर्लोस्कर, कूपर, राजकोट असा भेद न करता. एक चालू स्थितीत, बाकीची स्वच्छ करून. आणि त्यांच्या मध्ये एक मोट, नाडा आणि सोंदूर लावलेली. विद्यार्थ्याने एका बाजूला शेण काय करते ते पाहावे, दुसऱ्या बाजूला शेण न देणारा बैल काय करतो ते ऐकावे, आणि निकाल स्वतः द्यावा. यासाठी फार द्रव्य लागणार नाही. माझे अंगणातले इंजिन मी आजच देऊ केले आहे, अट एकच, की ते चालविणाऱ्याने अंगठा वर ठेवावा.

आणि वाचकांस विनंती. आपल्या किंवा आपल्या नातलगांच्या विहिरीवर असे इंजिन अजून उभे असेल, तर ते तोलकाट्यावर चढविण्यापूर्वी त्यावरील पाटी किंवा ओतलेली अक्षरे उतरून घ्यावीत. ते कोणत्या साली, किती रुपयांना आले, त्यावर किती बिघे भिजत, ते कधी थांबले, एवढे एका कार्डावर लिहून संस्थेच्या ग्रंथालयाकडे धाडावे. ज्या बैलजोडीच्या जागी ते आले त्या बैलांची नावे घरात कोणाला आठवत असतील, तर तीही लिहावीत.